केमोथेरपीनंतर, शस्त्रक्रियेपूर्वी : कर्करोगोपचारातील निर्णायक आठवडे

कर्करोग हे आज भारतातील सार्वजनिक आरोग्यापुढचे मोठे आव्हान आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात कर्करोगाचे सुमारे १४ लाख १३ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख १६ हजार रुग्णांचा मृत्यू झाला. नव्या रुग्णांपैकी सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रिया स्तनाच्या कर्करोगाच्या होत्या. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतातील रुग्ण उशिरा, म्हणजे गाठ मोठी झाल्यावर किंवा काखेतील लसिका ग्रंथींपर्यंत रोग पोचल्यावर, रुग्णालयात येण्याचे प्रमाण अधिक आहे. अशा अनेक रुग्णांना आधी केमोथेरपी आणि मग शस्त्रक्रिया या क्रमाने उपचार दिले जातात.

या क्रमात केमोथेरपीची शेवटची सायकल आणि शस्त्रक्रियेचा दिवस यांमध्ये काही आठवड्यांचा अवधी असतो. बहुतेक कुटुंबे त्याकडे विश्रांतीचा काळ म्हणून पाहतात. वैद्यकीयदृष्ट्या मात्र तो उपचाराचाच एक टप्पा आहे. शरीर भरून निघणे, शस्त्रक्रियेची आखणी होणे आणि रुग्ण ठरलेल्या दिवशी परत येणे, या तिन्ही गोष्टी याच अवधीत घडाव्या लागतात. यांपैकी एक जरी राहिली, तरी आधीच्या चार-सहा महिन्यांच्या उपचारांचे फळ हातचे जाऊ शकते.

आधी औषध, मग शस्त्रक्रिया

एकेकाळी गाठ दिसली की ती काढणे हाच उपचारांचा प्रारंभ मानला जाई. केमोथेरपी शस्त्रक्रियेनंतर दिली जाई. हा क्रम उलटा केल्यास काय होते, याचा शोध घेणारी एक महत्त्वाची चाचणी अमेरिकेत १९८८ मध्ये सुरू झाली. स्तनाच्या कर्करोगाच्या १,५२३ स्त्रिया तीत सहभागी झाल्या. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी आणि निम्म्यांना शस्त्रक्रियेनंतर तीच औषधे देण्यात आली. दोन्ही गटांतील आयुर्मानात फरक आढळला नाही. मात्र आधी औषध घेतलेल्या अधिक स्त्रियांचे स्तन वाचविणे शक्य झाले. औषधे आधी दिल्याने शस्त्रक्रिया काही महिने पुढे गेली, तरी नुकसान होत नाही, हेही त्यातून स्पष्ट झाले.

या पद्धतीचे लाभ तीन आहेत. मोठी, त्वचेला किंवा छातीच्या स्नायूला चिकटलेली गाठ लहान होऊन काढण्याजोगी होते. गाठ शरीरात असल्यामुळे औषधाचा तिच्यावर परिणाम होत आहे की नाही, हे प्रत्यक्ष पाहता येते. शिवाय गाठीबाहेर पसरलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींवर पहिल्या दिवसापासून उपचार सुरू होतात.

स्तनाच्या कर्करोगापुरतीच ही पद्धत मर्यादित नाही. बीजकोशाच्या वाढलेल्या कर्करोगात अनेकदा तीन सायकलनंतर शस्त्रक्रिया करून उरलेल्या सायकल नंतर दिल्या जातात. जठराच्या कर्करोगात चार सायकल आधी व चार नंतर, अशी योजना प्रचलित आहे. किशोरवयीन मुलांमध्ये आढळणाऱ्या हाडाच्या एका कर्करोगात पूर्वी पाय किंवा हात कापण्यावाचून गत्यंतर नसे. आज आधी केमोथेरपी देऊन अनेक मुलांचा अवयव वाचविता येतो.

गाठ नाहीशी झाली, तरी शस्त्रक्रिया का?

उपचार अर्धवट सुटण्याचे एक मोठे कारण औषधाच्या यशातच दडलेले आहे. तिसऱ्या-चौथ्या सायकलनंतर गाठ हाताला लागेनाशी होते. वेदना थांबते, जखम भरते. गावाकडे परतलेल्या रुग्णाला आणि घरच्यांना साहजिकच वाटते, की रोग गेला; आता कापाकापी कशाला?

परंतु हाताला गाठ न लागणे आणि रोग समूळ नष्ट होणे, या भिन्न गोष्टी आहेत. गाठ आकसताना तिच्या जागी कर्कपेशींची विखुरलेली बेटे शिल्लक राहू शकतात. ती बोटांना जाणवत नाहीत आणि अनेकदा सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीतही दिसत नाहीत. काढलेल्या ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाल्यावरच त्यांचा ठाव लागतो. काही रुग्णांमध्ये त्या तपासणीत एकही कर्कपेशी आढळत नाही. ही स्थिती उत्तम भवितव्याची द्योतक मानली जाते. परंतु ती सिद्ध होते शस्त्रक्रियेनंतरच. ज्यांच्यात पेशी शिल्लक आढळतात, त्यांच्यापैकी काही प्रकारच्या रोगांत पुढील औषधे बदलल्यास लाभ होतो, हे २०१७ व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी दाखवून दिले. म्हणजे शस्त्रक्रियेचा अहवाल पुढील उपचारांची दिशाही ठरवितो.

गाठ पूर्ण विरघळलेल्या निवडक स्त्रियांमध्ये शस्त्रक्रिया टाळता येईल का, यावर संशोधन झाले आहे व होत आहे. मात्र स्तनाच्या कर्करोगात तो अद्याप सर्वमान्य उपचार नाही. गुदाशयाच्या कर्करोगात काही निवडक रुग्णांना शस्त्रक्रियेऐवजी देखरेखीखाली ठेवले जाते. परंतु तेथेही तो निर्णय तज्ज्ञांचा असतो आणि ठरावीक अंतराने काटेकोर तपासणी ही त्याची अट असते. घरी परस्पर घेतलेल्या निर्णयाशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

गाठ विरघळण्याची शक्यता असल्यास उपचारांच्या प्रारंभीच तिच्या जागी धातूची लहानशी क्लिप बसविण्याची पद्धत आहे. पुढे गाठ दिसेनाशी झाली, तरी नेमका कोणता भाग काढायचा, हे शल्यचिकित्सकाला त्या खुणेवरून कळते.

घाई नको, विलंबही नको

शस्त्रक्रिया शेवटच्या सायकलनंतर किती दिवसांनी करावी, हे शरीर आणि रोग या दोहोंच्या वेगावर अवलंबून असते. केमोथेरपीची औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींवर आघात करतात. अस्थिमज्जेतील रक्त तयार करणाऱ्या पेशीही त्यांत सापडतात. औषध दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशींची संख्या सर्वांत कमी होते आणि पुढे ती हळूहळू पूर्ववत होते. या काळात शस्त्रक्रिया केल्यास जंतुसंसर्ग, रक्तस्राव आणि जखम न भरणे यांचा धोका असतो. उलट फार थांबल्यास उरलेल्या पेशींना पुन्हा वाढण्यास वाव मिळतो.

या दोन्ही गोष्टींचा मेळ घालून स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया साधारणपणे तीन ते सहा आठवड्यांत केली जाते. हा अवधी आठ आठवड्यांपलीकडे लांबू नये, असा कल उपलब्ध अभ्यासांतून दिसतो. अन्य कर्करोगांत, तसेच केमोथेरपीसोबत किरणोपचार झाले असल्यास, हे वेळापत्रक वेगळे असते.

एक सावधगिरी येथे आवश्यक आहे. केमोथेरपी 'संपली' म्हणून तिचा धोका त्याच दिवशी संपत नाही. शेवटच्या सायकलनंतरही ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाल्यास ती तातडीची अवस्था समजावी. घरगुती उपायांत रात्र न घालवता काही तासांत रुग्णालय गाठणे आवश्यक असते. एकाच पायाला सूज, पोटरीत वेदना किंवा अचानक धाप लागणे ही रक्तवाहिनीत गुठळी झाल्याची लक्षणे असू शकतात. तीही तत्काळ डॉक्टरांच्या कानी घालावीत.

शरीराची मशागत

पेरणीपूर्वी जमिनीची मशागत करावी लागते, तशी शस्त्रक्रियेपूर्वी शरीराची करावी लागते. तिचा प्रारंभ रक्तापासून होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. मुळातच हिमोग्लोबिन कमी असलेल्या स्त्रीला केमोथेरपी मिळाली, की ते आणखी घटते. त्यामुळे शेवटच्या सायकलनंतर लगेच रक्ततपासणी करून लोहाची कमतरता आहे का, हे पाहणे इष्ट ठरते. लोह गोळ्यांनी भरून निघण्यास वेळ लागतो. दिवस थोडे असल्यास डॉक्टर ते शिरेतून देतात. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी लक्षात आलेला रक्तक्षय रक्त चढविण्यास किंवा तारीख पुढे ढकलण्यास भाग पाडतो.

दुसरा भाग आहाराचा. जखम भरण्यासाठी प्रथिने लागतात. कर्करोगाच्या रुग्णाला रोज दर किलो वजनामागे एक ते दीड ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशी शिफारस आहे. ५० किलो वजनाच्या व्यक्तीस हे प्रमाण ५० ते ७५ ग्रॅम भरते. त्यासाठी महागड्या डब्यांची गरज नसते. डाळ, उसळी, दूध, दही, अंडी, मासे, शेंगदाणे, बिहार-झारखंडातील सत्तू अशा नेहमीच्या पदार्थांतून ते साधते. तोंडाला चव नसल्यास थोडे थोडे, पण अनेक वेळा खाणे उपयुक्त ठरते. गोड किंवा दूध खाल्ल्याने कर्करोग वाढतो, अशा समजुतींमुळे ऐन गरजेच्या वेळी रुग्णाचा आहार तोडला जातो. सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले असेल, तर प्रसंगी शस्त्रक्रिया एक-दोन आठवडे थांबवून आधी पोषण सुधारावे लागते.

तिसरी बाब मधुमेहाची. केमोथेरपीसोबत दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमुळे रक्तातील साखर वाढते. काहींचा मधुमेह याच काळात प्रथम उघडकीस येतो. साखर अनियंत्रित असताना केलेल्या शस्त्रक्रियेत जखम चिघळण्याची शक्यता वाढते. हृदयाचीही अशीच काळजी घ्यावी लागते. स्तनाच्या कर्करोगातील काही प्रभावी औषधे हृदयाच्या स्नायूवर परिणाम करू शकतात. म्हणून भूल देण्यापूर्वी ईसीजी व टूडी इको करून हृदयाची क्षमता तपासली जाते.

चौथी बाब तंबाखूची. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होते. विडी-सिगारेट शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी सोडल्यास फुप्फुसांच्या व जखमेच्या गुंतागुंती कमी होतात. शेवटची सायकल ते शस्त्रक्रिया हा अवधी साधारण तेवढाच असतो. व्यसन सोडण्याचा मुहूर्त म्हणून तो योग्य आहे. खैनी, गुटखा व मशेरी यांतही निकोटिन असते आणि ते रक्तवाहिन्या आकुंचित करते. मशेरी लावणाऱ्या स्त्रिया 'व्यसन आहे का?' या प्रश्नाला बहुधा नकार देतात; त्यामुळे त्यांना तसे स्पष्ट विचारावे लागते.

शेवटी हालचाल. दीर्घ उपचारांनी थकलेल्या रुग्णाला घरचे अंथरुणावरून उठू देत नाहीत. परंतु रोज झेपेल तेवढे चालणे आणि दीर्घ श्वसन यांमुळे शस्त्रक्रियेनंतर शरीर लवकर सावरते. तीन चेंडूंचे श्वसनयंत्र आधीपासून वापरण्याची सवय झाल्यास भूल उतरल्यावर ते सोपे जाते. काखेतील ग्रंथी काढावयाच्या असतील, तर खांद्याचे व्यायाम आधीच शिकून घ्यावेत आणि दोन्ही हातांच्या घेराची नोंद करून ठेवावी. पुढे हाताला सूज आली, तर ती याच नोंदीवरून वेळीच ओळखता येते. औषधांमुळे तळपायांना बधिरपणा आलेल्या रुग्णाने चालताना पडणार नाही, याची विशेष दक्षता घ्यावी.

भूलतज्ज्ञाची भेट आणि निर्णयाचा संवाद

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत भूलतज्ज्ञ विचारतात तो प्रत्येक प्रश्न महत्त्वाचा असतो. रक्त पातळ करणाऱ्या, रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या, तसेच वैदूकडून किंवा दुकानातून घेतलेले काढे, भस्मे व चूर्णे यांची माहिती लपवू नये. यांपैकी काहींमुळे रक्तस्राव वाढू शकतो किंवा भुलीच्या औषधांच्या परिणामात फरक पडू शकतो. कोणती गोळी कधी थांबवायची व कोणती चालू ठेवायची, हे डॉक्टरांनीच ठरवावे. सर्वसाधारणपणे शस्त्रक्रियेपूर्वी सहा तास हलका आहार व दोन तास पाणी वर्ज्य असते. मात्र प्रत्येक रुग्णालय देत असलेली लेखी सूचना अंतिम मानावी.

शस्त्रक्रियेचे स्वरूप हा संवादाचा विषय असावा. स्तन वाचविणारी शस्त्रक्रिया केल्यास त्यानंतर बहुधा किरणोपचार घ्यावेच लागतात. पूर्वी पाच आठवडे चालणारे हे उपचार आज अनेक ठिकाणी तीन आठवड्यांत पूर्ण होतात. तरीही किरणोपचाराचे केंद्र किती दूर आहे, तेथे राहण्याची सोय आहे का आणि घरची जबाबदारी तोवर कोण पाहील, या प्रश्नांची उत्तरे आधी मिळावयास हवीत. संमतिपत्रावर पती किंवा मुलाने घाईने सही करून हा निर्णय होऊ नये. ज्या स्त्रीच्या शरीरावर शस्त्रक्रिया होणार, तिला तिच्या भाषेत सर्व पर्याय समजावून सांगितले जाणे हा तिचा अधिकार आहे.

अंतर, खर्च आणि खंड

शेवटच्या सायकलपर्यंत कुटुंबाची बचत बहुधा संपलेली असते. सोबत येणाऱ्याची मजुरी बुडालेली असते. पेरणी, परीक्षा किंवा घरातील लग्न समोर उभे असते. रुग्णाला बरे वाटू लागलेले असते. ही सर्व कारणे एकत्र येतात ती याच अवधीत. म्हणून 'रुग्ण परत आला नाही' ही नोंद केवळ अज्ञानाची साक्ष नसते; ती अंतराची आणि दारिद्र्याचीही असते.

पंजाबातील भटिंड्याहून बिकानेरला उपचारांसाठी जाणाऱ्या रुग्णांच्या गर्दीमुळे एका रेल्वेगाडीला लोकांनी 'कॅन्सर ट्रेन' हे नाव दिले होते. मुंबईत १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल व ईशान्येकडून येणाऱ्या रुग्णांना दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणांचा आधार वाटत आला आहे. हे चित्र बदलण्यासाठी वाराणसी येथे २०१९ मध्ये महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्र सुरू झाले. आसाममध्ये एप्रिल २०२२ मध्ये सात कर्करोग रुग्णालयांचे आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंजाबातील न्यू चंदीगड येथील होमी भाभा कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन झाले. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमुळे देशभरातील रुग्णालये समान उपचारपद्धतीच्या सूत्रात बांधली जात आहेत.

खर्चाच्या बाजूने सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देते. २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, तिचा लाभ खुला झाला. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचेही साहाय्य मिळते. रेल्वे कर्करोगाच्या रुग्णास व सोबतच्या एका व्यक्तीस उपचारांच्या प्रवासासाठी भाड्यात सवलत देते. त्यासाठी रुग्णालयाचे विहित प्रमाणपत्र लागते. केमोथेरपी व शस्त्रक्रिया यांसाठी योजनेतील मंजुरी स्वतंत्रपणे घ्यावी लागत असल्यास शस्त्रक्रियेची कागदपत्रे शेवटच्या सायकलच्या वेळीच रुग्णालयातील समन्वयकाकडे देणे हिताचे असते.

व्यवस्थेची जबाबदारी

रुग्णाला परत आणण्याचे काम केवळ समुपदेशनाने होणार नाही. काही साध्या पद्धती रुग्णालयांनी अंगीकारल्यास मोठा फरक पडू शकतो. शेवटची सायकल देतानाच शस्त्रक्रियेची तारीख व भूलपूर्व तपासण्यांची यादी लेखी स्वरूपात, रुग्णाच्या भाषेत द्यावी. घरातील दोन व्यक्तींचे दूरध्वनी क्रमांक नोंदवून ठरलेल्या दिवसाच्या एक आठवडा आधी चौकशी व्हावी. हिमोग्लोबिन, पेशींची संख्या व साखर यांच्या तपासण्या जिल्हा रुग्णालयात होऊन त्यांचे अहवाल मुख्य केंद्राला पाठविले जावेत. म्हणजे केवळ रक्त देण्यासाठी हजार किलोमीटरचा प्रवास करावा लागणार नाही.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. या केंद्रांचे काम केमोथेरपीची सलाईन लावण्यापुरते मर्यादित न ठेवता, शस्त्रक्रियेपूर्वीची देखरेख आणि पाठपुरावा यांचीही जबाबदारी त्यांच्यावर सोपविल्यास हा कच्चा दुवा मजबूत होईल. गावपातळीवर आशा कार्यकर्त्या क्षयरोगाच्या औषधांचा पाठपुरावा करतात, तसाच कर्करोगाच्या रुग्णाच्या तारखेचाही करू शकतात.

समारोप

केमोथेरपी पूर्ण करणे ही रुग्णाच्या धैर्याची मोठी कसोटी असते आणि ती पार पडल्याचा आनंद कुटुंबाने जरूर मानावा. परंतु तो पडाव आहे, मुक्काम नव्हे. पुढच्या तीन-चार आठवड्यांत पोटात काय गेले, रक्ताची तपासणी झाली का, तंबाखू सुटली का आणि परतीचे तिकीट काढले गेले का, या सामान्य वाटणाऱ्या गोष्टींवर पुढील अनेक वर्षे अवलंबून असतात. देशाने गेल्या काही वर्षांत रुग्णालये, विमा आणि औषधे यांत मोठी गुंतवणूक केली आहे. रुग्ण ठरलेल्या दिवशी, तयार शरीराने आणि समजून दिलेल्या संमतीने शस्त्रक्रियागृहात पोचेल, तेव्हाच त्या गुंतवणुकीचे सार्थक होईल.